विंडोजची ही 'एन' आवृत्ती काढली कशासाठी? मीडिया प्लेअर फुकट देण्यात चूक काय होती?

पैलतीर

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला येऊन सात महिने झाले, मागच्या आठवड्यात इथल्या एका दुकानातून लेकीसाठी लॅपटॉप घेतला, दुकानदाराने विंडोज त्याच्याकडचंच टाकून दिलं आणि मी गडबडीत काही बघितलं नाही. घरी आल्यावर आईने पाठवलेला गौरींच्या आरतीचा व्हिडिओ लावायला घेतला तर उघडेचना, दोनदा डबल क्लिक केलं, मग कॅमेरा चालू करून बघितला तर तिथेही एरर. लेकीला वाटलं लॅपटॉपच बिघडलेला दिलाय, रडवेली झाली पोरगी. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन बघते तर 'विंडोज ११ प्रो' च्या पुढे एक एकटाच 'एन' लिहिलेला.

शोधल्यावर एवढं कळलं की या आवृत्तीत मीडिया प्लेअर मुद्दाम काढलेला असतो आणि तो युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाच्या, जुन्या निकालामुळे काढलेला असतो. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, हे दुरुस्त कसं करू, दुकानात परत जायला हवं का. आणि दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, हे सगळं कशासाठी केलं होतं? पोळपाट घेतला की लाटणं सोबत मिळतं, त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान कुठे झालं? फुकट मिळणारी वस्तू काढून घेऊन ग्राहकाचं भलं कसं होतं हे मला खरंच समजून घ्यायचंय, कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा.

खटपट्या

ताई, दुकानात जायची गरज नाही, लॅपटॉप ठणठणीत आहे. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, काही आवृत्त्यांत ते ॲप्सखाली असतं, काहींत सिस्टिमखाली, वरच्या सर्चमध्ये टाइप केलं की सापडतंच. तिथे 'ॲड' किंवा 'व्ह्यू फीचर्स' दाबा आणि यादीत 'मीडिया फीचर पॅक' असेल त्यावर टिक करा. फुकट आहे. इन्स्टॉल झालं की रीस्टार्ट करायलाच पाहिजे, नुसतं झाकण मिटून उघडलं तर काही होत नाही, बरेच जण इथेच अडकतात.

हे का होतं तेही सांगतो. एन मध्ये नुसतं प्लेअरचं खिडकीवालं ॲप काढलेलं नसतं, त्याच्या खालची व्हिडिओ-ऑडिओ उलगडणारी यंत्रणाच नसते, मीडिया फाउंडेशन म्हणतात तिला. कॅमेरा ॲप तिच्यावर चालतं, कितीतरी गेम तिच्यावर चालतात, फायरफॉक्ससुद्धा काही प्रकारच्या व्हिडिओसाठी विंडोजच्या यंत्रणेवर अवलंबून असतो. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर मात्र आपलं सगळं सामान स्वतःसोबत घेऊन येतो त्यामुळे तो एन वर पण बिनधास्त चालतो. तोवर आईंचा व्हिडिओ व्हीएलसीत लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मुक्काम_ब्रुसेल्स

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, जरा लांबेल पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली, ती मीडिया प्लेअरची नव्हतीच, मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हरशी बोलायची भाषा दुसऱ्यांना सांगत नाही अशी होती. प्लेअरचा मुद्दा कमिशनने २००० साली स्वतःहून हाती घेतला आणि पुढे दोन्ही एकत्र केले. त्या काळात घरातल्या संगणकांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर विंडोज होतं. इंटरनेटवर गाणं डाउनलोड न करता थेट ऐकायचं म्हणजे स्ट्रीमिंग करायचं तर नाव एकच, रिअलप्लेअर. रॉब ग्लेझर म्हणून मायक्रोसॉफ्टमधूनच बाहेर पडलेला माणूस, त्याने कंपनी काढली आणि १९९५ मध्ये रिअलऑडिओ आणलं. मे १९९९ पासून विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्ट्रीमिंग करणारा विंडोज मीडिया प्लेअर आतच यायला लागला, आणि मुख्य गोष्ट म्हणजे तो काढून टाकायची सोय नव्हती, ना तुम्हाला ना कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला. कंपनीला रिअल टाकायचा तर टाका, पण आमचा राहणारच.

आता तुमचं पोळपाट-लाटणं. गावात दहा जण पोळपाट विकत असतील आणि एकाने सोबत लाटणं दिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण गावात पोळपाट विकणारा एकच आहे, पोळपाटाशिवाय कोणाचं घर चालत नाही, आणि त्याने ठरवलं की उद्यापासून प्रत्येक पोळपाटाला लाटणं खिळ्याने ठोकलेलं येणार, नको असलं तरी. मग शेजारचा सुतार कितीही चांगलं लाटणं करो, त्याच्याकडे कोण जाणार? आणि सुतार उठून गेल्यावर पुढचं लाटणं कसं असावं हे तो पोळपाटवाला एकटाच ठरवणार. कमिशनचं म्हणणं थोडक्यात हेच होतं.

२४ मार्च २००४ ला निकाल आला, स्पर्धा खात्याचे कमिशनर तेव्हा मारिओ मोंटी होते. दंड ४९.७ कोटी युरो, प्लेअर नसलेली विंडोज ९० दिवसांत बाजारात आणा आणि सर्व्हरच्या भाषेची माहिती १२० दिवसांत द्या. त्याच्या आधी तडजोडीची बोलणी झाली होती, ती शेवटच्या आठवड्यात फिसकटली कारण मोंटींना पुढच्या काळासाठी पायंडा हवा होता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असा तो प्रकार होता. आज प्लेअर आत घेतला, उद्या दुसरं काहीतरी घेतील.

मग मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती आणली. नाव सुचवलं 'रिड्यूस्ड मीडिया एडिशन', म्हणजे नावातच 'काहीतरी कमी आहे' असं गिऱ्हाइकाला सांगायचं. कमिशनने ते नाव नाकारलं आणि शेवटी नुसता 'एन' राहिला. पण एन स्वस्तच द्या असं निकालात म्हटलेलं नव्हतं आणि घोडं इथेच पेंड खात होतं. प्लेअरवाली विंडोज आणि बिनप्लेअरची विंडोज, दोन्हींचा भाव एकच ठेवला. कोण घेईल? एप्रिल २००६ पर्यंत अख्ख्या युरोपात विंडोज एक्सपी एन च्या १,७८७ प्रती गेल्या, त्याच काळात साध्या एक्सपीच्या साडेतीन कोटींच्या वर. मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांपैकी एकीनेही एन टाकून मशीन विकलं नाही.

म्हणून ताई, तुमच्या लॅपटॉपवरचं ते अक्षर म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या निकालाची राहून गेलेली खूण आहे. निकालामागचा विचार माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता, उपाय चुकला.

रोखठोक_सातारा

तुम्ही फार मनापासून लिहिलंय पण मला हे पटत नाही, आणि विरोधासाठी विरोध करतोय असं नाही, मी स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकतो, मोठ्या कंपनीच्या सावलीत धंदा कसा करायचा हे मला रोज बघावं लागतं.

रिअल मागे का पडला याची दुसरी बाजू पण सांगा ना. मोफतवाला प्लेअर साइटवर शोधून सापडायचा नाही, सगळीकडे पैशाच्या आवृत्तीचाच आग्रह, आणि इन्स्टॉल झाला की निरोपांच्या खिडक्या उघडत राहायच्या. पीसी वर्ल्ड या मासिकाने २००६ मध्ये आजवरच्या सगळ्यात वाईट २५ टेक वस्तूंची यादी केली त्यात रिअलप्लेअर दुसऱ्या नंबरवर होता. आणि तो उपाशी पण मेला नाही, डिसेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ७६ कोटी डॉलरची तडजोड घेतली.

दुसरं म्हणजे, विंडोजमध्ये प्लेअर ठोकून बसवला म्हणून बाजार मायक्रोसॉफ्टच्या खिशात गेला का? नाही गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स हे आपलं गाण्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवर आणलं, लोकांनी ते एवढं मोठं सॉफ्टवेअर स्वतः डाउनलोड करून घेतलं कारण हातात आयपॉड होता आणि आयपॉडला मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट चालतच नव्हता. २००८ मध्ये ॲपल अमेरिकेतला गाणी विकणारा सगळ्यात मोठा दुकानदार झाला. विनॲम्प नावाचा गाण्यांचा प्लेअर १९९७ पासून लोक प्रेमाने वापरत होते. व्हीएलसी पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टमधून आला, २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, आज तो कुठे नाही ते सांगा. यूट्यूब २००५ ला आलं आणि वेगळा प्लेअर लागतो ही गोष्टच संपली. आणि कमिशनच्या निकालावर मायक्रोसॉफ्ट युरोपच्या कोर्टात गेली होती, त्या कोर्टाने कमिशनचं म्हणणं उचलून धरलं ते कधी, १७ सप्टेंबर २००७. वरातीमागून घोडं यालाच म्हणतात.

आणि खटपट्यांनी वर जे लिहिलंय ते कोणी लक्षात घेतलं नाही. मायक्रोसॉफ्ट कोर्टात हेच तर सांगत होती की दुसरे प्रोग्राम आमच्या मीडियाच्या भागावर उभे असतात, तो काढला तर ते मोडतील. आज एका लहान मुलीचा कॅमेरा चालत नाही, म्हणजे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. त्रास कोणाला झाला, मायक्रोसॉफ्टला नाही, या ताईंना.

कॅफेवाला_९९

मी कोर्टबिर्ट जाणत नाही पण ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली म्हणून लिहितो. १९९९ ते २००६ इचलकरंजीत माझा सायबर कॅफे होता, सहा मशीन, एक ५६ केचा मोडेम सगळ्यांत वाटून, तासाला ४० रुपये. तेव्हा एक पाच एमबीचं एमपीथ्री गाणं उतरवायला एकट्या मशीनला पंधरा-वीस मिनिटं जायची, सहा मशीन चालू असली तर विचारूच नका. आणि रिअलप्लेअरमध्ये तेच गाणं थोडं बफरिंग झालं की सुरू. आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा पण यायचा. कोपऱ्यातल्या मशीनला मी दोन इअरफोन लावायची पिन आणून ठेवली होती, म्हातारं जोडपं यायचं, मुलगा अमेरिकेत होता, तो नाट्यगीतांच्या लिंका मेलवर पाठवायचा आणि दोघं एकेक इअरफोन कानाला लावून अर्धा तास ऐकत बसायचे. 'बफरिंग' हा शब्द त्या काकूंना इंग्रजी येत नसताना पण पाठ झाला होता.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे एक पोरगा यायचा, कॉलेजमधला, त्याने स्वतःची मराठी गाण्यांची साइट काढली होती. जागा भाड्याने घेतलेली, ५० एमबी. आधी सगळी गाणी रिअलच्या फॉरमॅटमध्ये, मग काही लोक म्हणायला लागले आमच्याकडे रिअल नाही, विंडोजचाच प्लेअर आहे, मग तो प्रत्येक गाणं दोनदा करून चढवायचा, एक रिअलचं आणि एक विंडोज मीडियाचं. रात्री दहानंतर माझ्याकडे बसायचा कारण तेव्हा लाइन मोकळी असायची, एकेक गाणं चढताना त्या पट्टीकडे बघत बसलेला मला अजून आठवतो. काही महिन्यांनी जागा संपली, दोन्ही ठेवणं जमेना. मग त्याने एक फॉरमॅट काढून टाकला, आणि कोणता काढला असेल सांगा? रिअलचा काढला, आणि मला म्हणाला, काका, विंडोज आहे त्याच्याकडे हा प्लेअर असतोच, रिअल असेल-नसेल, मग रिअलसाठी जागा कशाला घालवू.

रिअल चांगला की वाईट याचा विचार त्या पोराने केलाच नाही. त्याचं चुकलं असं पण मी म्हणत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं. पण सातारकर, तुम्ही म्हणता लोकांनी वाईट प्लेअर सोडला, तसं माझ्या दुकानात झालं नाही. आधी गाणी गेली, मग ऐकणारे गेले.

मुक्काम_ब्रुसेल्स

कॅफेवाले काका, तुम्ही जे पाहिलंत तेच कमिशनच्या निकालाच्या मुळाशी आहे हो. गाणी आणि व्हिडिओ बनवणारा माणूस आधी बघतो की कोणता प्लेअर सगळ्यांकडे असणारच, आणि तो त्याच फॉरमॅटमध्ये माल तयार करतो, मग बाकीच्यांकडे मालच उरत नाही. डाउनलोड करता येतो म्हणून स्पर्धा शिल्लक आहे हे म्हणणं कोर्टाने मान्य केलं नाही ते यासाठी, डाउनलोड करणारे काही लाख वाढले तरी दर नव्या मशीनसोबत आपोआप जाणाऱ्या आकड्याला ते कधी गाठणार. शिवाय रिअल आपला सर्व्हर पैसे घेऊन विकायची, मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हरसोबत फुकट, म्हणजे दोन्ही टोकांनी कोंडी.

सातारकरांना एक सांगायचं राहिलं. यूट्यूब कशावर चाललं? फ्लॅशवर. आणि फ्लॅश प्लेअर विंडोज एक्सपीसोबतच येत होता, लोकांना शोधायला जावं लागलं नाही. आयट्यून्ससाठी ॲपलला स्वतःचं यंत्र बाजारात उतरवावं लागलं, ते काही तीन माणसांच्या कंपनीला जमणारं नाही. म्हणजे विंडोजने घातलेली भिंत ओलांडता येत होती हे खरं, पण जे आधीच भिंतीच्या आत होते किंवा ज्यांच्याकडे प्रचंड पैसा होता त्यांनाच. व्हीएलसीचं मान्य करतो, तो पैसे कमवायला निघालेलाच नव्हता म्हणून टिकला.

लहान मुलीच्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्यात तुमचं थोडं बरोबर आहे आणि मला ते कबूल करायला हरकत नाही. प्लेअर म्हणजे वरची खिडकी आणि खालची यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी ठेवायला हव्या होत्या, उपाय करताना त्या एकत्र उपटल्या गेल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं.

सर्व्हररूम

सगळे प्लेअरबद्दल बोलताय, पण त्या निकालाचा दुसरा अर्धा भाग कोणी विचारातच घेत नाही आणि खरा फायदा तिथे झालाय. मी गेली अठरा वर्षं नाशिकच्या आसपासच्या कारखान्यांत सर्व्हर सांभाळतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

साम्बा नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑफिसमध्ये लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्व्हर ठेवायचा आणि विंडोजच्या मशीनना त्यातले फोल्डर, प्रिंटर असे दिसले पाहिजेत की जणू तो विंडोजचाच सर्व्हर आहे, हे काम साम्बा करतो. ही पोरं वर्षानुवर्षं वायरवरून जाणारे पॅकेट पकडून, निरखून, अंदाज बांधून ती भाषा शिकत होती, कारण मायक्रोसॉफ्ट कागद देत नव्हती. तक्रार सनची होती, पण सनने २००४ मध्येच मायक्रोसॉफ्टशी समझोता केला, त्याच वर्षी नॉव्हेल या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या कंपनीने पण पैसे घेऊन माघार घेतली, रिअलचं वर आलंच आहे. एकेक मोठा तक्रारदार गळत गेला आणि शेवटपर्यंत कमिशनच्या बाजूने कोर्टात उभे राहिले त्यांत ही साम्बावाली मंडळी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप होते, ज्यांच्याकडे विकायला काही नव्हतं म्हणून त्यांना विकत घेऊन गप्प करता येत नव्हतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

निकाल लागला तरी मायक्रोसॉफ्टने कागद नीट दिले नाहीत, म्हणून जुलै २००६ मध्ये २८ कोटी युरो आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ८९.९ कोटी युरो असा वरचा दंड लागला, हा दुसरा २०१२ मध्ये कोर्टाने ८६ कोटींवर आणला. मधल्या काळात २००७ च्या निकालानंतर कंपनी नमली आणि डिसेंबर २००७ मध्ये एकदाच १०,००० युरो भरून साम्बाला ती सगळी कागदपत्रं मिळाली.

याचा अर्थ काय ते सांगतो. माझ्याकडे सातपूरमध्ये एक पंचवीस मशीनचं वर्कशॉप आहे, त्यांचा सर्व्हर साम्बावर आहे. मालकाला साम्बा म्हणजे काय हे माहीत नाही, माहीत असायचं कारण पण नाही. सकाळी ऑपरेटर ड्रॉइंगच्या फोल्डरवर क्लिक करतो, तो उघडतो, विषय संपला. विंडोजचा सर्व्हर आणि पंचवीस जणांचे परवाने घ्यायचे म्हटले तर ती रक्कम त्या वर्कशॉपला झेपली नसती. ब्रुसेल्समधल्या एका जुन्या खटल्याचा असा फायदा इथे पोचलाय. म्हणून मला कोणी म्हणालं ना की तो निकाल वाया गेला, एन च्या १,७८७ प्रती बघा, तर मी म्हणतो प्रती कशाला मोजता, माझा सर्व्हर बघायला या.

रोखठोक_सातारा

हे मला माहीत नव्हतं, साम्बाचं. या भागाबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला जोडायची भाषा खुली असली पाहिजे यावर माझा आणि तुमचा वाद नाहीच, मी स्वतः त्याच्यासाठी रोज झगडतो. पण सोबत काय द्यायचं हे सरकारने ठरवू नये यावर मी अजून ठाम आहे.

कलम_चार

मी पुण्यात वकिली करते, स्पर्धा कायद्याची कामं बघते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

सोबत काय द्यायचं हे सरकार ठरवतं असं नाहीये. कोर्टापुढे प्रश्न असा येतो की या दोन वेगळ्या वस्तू आहेत का, एका वस्तूत कंपनीचं वर्चस्व आहे का, दुसरी न घेता पहिली घ्यायची मुभा गिऱ्हाइकाला आहे का, आणि यामुळे बाकीच्यांचा रस्ता बंद होतो का. चारही उत्तरं विरुद्ध गेली आणि कंपनीला सबळ कारण दाखवता आलं नाही तरच तो कायद्याचा भंग. लहान कंपनीने सोबत काहीही दिलं तरी तिला हे लागू नाही, तुम्हाला तर नाहीच नाही, सातारकर, उलट हा कायदा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. या खटल्यात मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की प्लेअर हा विंडोजचाच अवयव आहे. पण मायक्रोसॉफ्ट स्वतः हाच प्लेअर ॲपलच्या मॅकसाठी आणि सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पण बनवून देत होती. मग अवयव कसा? मला हा युक्तिवाद वाचला तेव्हा फार आवडला होता, एवढा साधा आणि त्याला उत्तर नाही.

प्लेअरवरून फक्त युरोपनेच पकडलं असंही नाही. दक्षिण कोरियाने डिसेंबर २००५ मध्ये प्लेअर आणि मेसेंजर दोन्हींवरून दंड केला आणि तिथेही वेगळ्या आवृत्त्या काढायला लावल्या. आणि एन वरून युरोपने धडा घेतला हे महत्त्वाचं. पुढे ब्राउझरचा वाद आला, ऑपेरा या ब्राउझर कंपनीची तक्रार होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधी ब्राउझर नसलेली विंडोज ७ देऊ म्हटलं, पण ते बारगळलं आणि डिसेंबर २००९ मध्ये ठरलं की गिऱ्हाइकासमोर बारा ब्राउझरची यादी ठेवायची आणि त्यानेच निवडायचं. म्हणजे वस्तू काढून घ्यायची नाही, पर्याय समोर मांडायचे. पुढे मे २०११ ते जुलै २०१२ मध्ये दीड कोटी लोकांना ती यादी दिसलीच नाही म्हणून २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड झाला तो वेगळा.

आता आपल्याकडे या. आपला जुना एमआरटीपी म्हणजे मक्तेदारीविरोधी कायदा १९६९ चा, तो नुसतं मोठं होण्याकडेच संशयाने बघायचा. २००२ चा स्पर्धा कायदा म्हणतो मोठे व्हा, पण मोठेपणाचा दुरुपयोग करू नका, त्यातलं कलम ४, जे मे २००९ पासून लागू झालं. याच कलमाखाली स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. खिशातून फोन काढा आणि नवा असताना तो कसा होता आठवा. सर्चची पट्टी, क्रोम, यूट्यूब, मॅप सगळं आधीच बसवलेलं. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं तर अख्खा अकरा ॲपचा गठ्ठा घ्यायचा, सुटं मिळणार नाही. प्ले स्टोअरशिवाय अँड्रॉइड फोन इथे कोण घेईल? म्हणजे पुन्हा पोळपाट आणि ठोकलेलं लाटणं. ही तक्रार कुठल्या मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीने केली नव्हती, तिघा तरुण माणसांनी केली होती, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली, मग गुगलने भारतात ॲप सुटी द्यायचं आणि सर्च इंजिन निवडू द्यायचं जाहीर केलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला पण चार निर्देश रद्द केले, त्यात आधीच बसवलेली ॲप पूर्ण काढून टाकू द्या हा पण गेला. माझं वैयक्तिक मत, तो राहायला हवा होता. बंद करून ठेवलेलं ॲप आणि काढून टाकलेलं ॲप यांत फरक आहे, ३२ जीबीच्या फोनवर दिवस काढणाऱ्या माणसाला तो विचारा.

वरातीमागून घोडं हा तुमचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. १९९८ ची तक्रार आणि २००७ चा निकाल, नऊ वर्षांत बाजार कुठल्या कुठे जातो. म्हणूनच युरोपने नवा डिजिटल मार्केट्स कायदा केला, मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर त्याची बंधनं लागू आहेत, त्यात नियम आधीच लिहून ठेवलेत आणि आधीच बसवलेली ॲप काढू देणं हा त्यातला एक आहे. आपल्याकडे अशाच धर्तीच्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, तो एकदा वाचाच सगळ्यांनी, किचकट आहे पण आपल्या रोजच्या फोनबद्दल आहे.

पैलतीर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खटपट्या दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, पहिल्यांदा मी रीस्टार्ट न करताच बघत बसले होते, मग तुमची ओळ पुन्हा वाचली. आता कॅमेरा पण चालतो आणि आरतीचा व्हिडिओ पण, लेकीने आजीला लगेच व्हिडिओ कॉल लावला.

माझं पोळपाटाचं म्हणणं आता मला तसं वाटत नाही, कॅफेवाल्या काकांची गाण्यांच्या साइटवाल्या मुलाची गोष्ट वाचल्यावर. एकच विचारायचंय काका, त्या मुलाने काढून टाकलेली रिअलमधली गाणी कुठे जपलेली आहेत का? माझ्या बाबांच्या जुन्या सीडीवर तशा फाइल आहेत, त्यात आजोबांनी घरी म्हटलेली दोन भजनं पण आहेत, आणि त्या उघडायला इथे घरात एकाही मशीनवर काही नाही.

कॅफेवाला_९९

त्या मुलाचा आता संपर्क नाही, ती साइट पण कधीच बंद झाली. पण तुमची भजनं जाणार नाहीत. व्हीएलसीत ती फाइल टाकून बघा, जुन्या रिअलच्या बऱ्याच फाइल तो वाजवतो. वाजली तर त्याच दिवशी एमपीथ्री करून दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत आईंना पाठवा.